गेम खेळताना बंद पडणारा पीसी आणि बाबांची वही

"मामा, पीसी खेळता खेळता बंद पडून राहिला," भाचा फोनवर अगदी हळू आवाजात सांगत होता, आणि मी काही विचारायच्या आतच पुढे म्हणाला, "पण मी काहीच नाही केलं, खरंच."

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मी पुण्यात, पीसी अकोल्याला आईबाबांकडे, आणि भाचा खामगावहून सुट्टीत आजोळी आलेला. तो पीसी मी २०२० च्या जानेवारीत स्वतः जुळवला होता, रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि त्यावर जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, तेव्हा माझ्या खिशाच्या मानाने फार मोठी खरेदी होती ती आणि अजूनही त्या मशीनवर माझा जीव आहे. नंतर पुण्यात लॅपटॉपवर काम भागायला लागलं, मग पीसी घरीच राहिला, आणि भाचा आठवीत गेल्यापासून दर सुट्टीत तो त्याचाच असतो. मला त्याचा आनंदच आहे, नुसतं कपड्याखाली झाकून ठेवण्यापेक्षा कोणीतरी वापरतंय.

बाबांची एक अट मात्र होती. बाबा बँकेत चौतीस वर्षं काढून रिटायर झालेले, त्यांना कुठल्याही गोष्टीची नोंद नसली की चैन पडत नाही. त्यांनी भाच्याला दोनशे पानी वही दिली, पट्टीने रकाने आखून दिले – तारीख, गेम, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, शेरा. शेरा बाबा स्वतः लिहिणार, लाल पेनाने. रोज दोन-तीन तास खेळायचं, पण लिहून ठेवायचं. पोरगं बिचारं इमानाने लिहायचं.

आणि मग २ तारखेला पीसी बंद पडला. एकदा नाही, दोनदा. ६ ला परत. १४ ला तर एका तासात तीनदा, आणि त्या रात्री बाबांनी वहीत लाल पेनाने लिहिलं, "अति वापर", आणि मागच्या दोन तारखांसमोर पण तेच लिहून टाकलं. घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं की पोराने खेळून खेळून मशीन जाळलं. आईचं म्हणणं, उन्हाळ्यात माणूस तापते तर मशीन नाही का तापणार, शेजारचे काका आले ते पण तेच बोलून गेले. भाच्याने आता खेळणारच नाही म्हणून सांगून टाकलं. आई फोनवर म्हणाली, नुसता पडून आहे रे, आंबा पण धड नाही खाल्ला.

मला मशीनपेक्षा ते "मी काहीच नाही केलं" जास्त लागलं. कारण चौदा वर्षांच्या पोराच्या हातात एखादी वस्तू असताना ती बंद पडली की ती त्यानेच बिघडवली, हा निकाल आपल्या घरांमधून इतका पटकन लागतो की त्याला अपीलच नसतं. मी तीन दिवसांनी निघणार होतो तो त्याच रात्री निघालो, आणि पुढचे काही दिवस घरूनच काम करतो म्हणून ऑफिसात सांगून टाकलं.

१५ तारखेला सकाळी घरी पोचलो, अंघोळ केली, चहा घेतला आणि भाच्याला समोर बसवून विचारलं, बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं? हा प्रश्न फार महत्त्वाचा असतो आणि बहुतेक वेळा तो विचारलाच जात नाही. निळा स्क्रीन येऊन बंद पडणं वेगळं, चित्र गोठून राहणं वेगळं, आपोआप रीस्टार्ट होणं वेगळं आणि कोणी प्लग उपटल्यासारखं क्षणात सगळं जाणं वेगळं. निळा स्क्रीन आला तर ड्रायव्हर, रॅम, विंडोजची फाइल असलं काहीतरी बघायचं. क्षणात गेलं तर वीज, नाहीतर उष्णता.

"एकदम काळं होते मामा. मॉनिटरचा लाईट पण जाते. मग थोड्या वेळानं नो सिग्नल येते."

हे वाक्य मी ऐकलं, मान हलवली आणि पुढे गेलो. त्या वाक्यात सगळं उत्तर होतं आणि मी ते आठ दिवस तसंच पडू दिलं, याची मला अजून रुखरुख आहे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनमधल्या बिघाडांच्या नोंदी राहतात तिथे, बघितलं तर लाल खुणेने रांगेत कर्नल-पॉवर ४१. ज्यांचा पीसी कधी असा बंद पडलाय त्यांना हा आकडा पाठ असतो. त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद न होता गेलं. लाईट गेली तरी ४१, एसएमपीएसने, म्हणजे पीसीच्या आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याने, दम सोडला तरी ४१, लहान मुलाने प्लग काढला तरी ४१. लोक हा आकडा शोधून शोधून हैराण होतात, विंडोज परत टाकतात, पण ती नोंद मशीन परत सुरू झाल्यावर केलेली असते, जाताना काय झालं ते विंडोजला कळलेलंच नसतं.

मग मी सगळ्यात आधी गरमीकडे वळलो, कारण मे महिना, अकोला, दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात, आणि खोलीत कूलर घरघरतोय. कॅबिनेट आडवं केलं, बाजूचा पत्रा काढला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गादीवाल्याचं दुकान आहे, तिथे कापूस पिंजतात, आणि त्याचे तंतू वर्षानुवर्षं आमच्या घरात येतात हे माहीत होतं, पण कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर काय साचलंय ते बघून मी थक्क झालो. राखाडी-पांढरा सलग थर, नखाने एक कोपरा उचलला तर वाळलेल्या पापडासारखा अख्खा सुटून हातात आला, जाळीची षटकोनी नक्षी त्याच्यावर जशीच्या तशी उमटलेली. मधून हवा जायला जागाच नाही. प्रोसेसरचा कूलर काढला तर खालची थर्मल पेस्ट, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे पोचवते ती, चुना वाळावा तशी भुगा झालेली. भाचा टॉर्च धरून उभा होता, निघालेले स्क्रू एका स्टीलच्या वाटीत मोजून ठेवत होता, अकरा, बारा, तेरा, आणि मधूनच विचारायचा, मामा हे काय आहे, ते काय आहे. बऱ्याच दिवसांनी तो एवढं बोलत होता.

रंगकामाच्या ब्रशने झटकलं, ब्लोअर मारला, पंख्याची पाती बोटाने धरून मारला, कारण ब्लोअरच्या जोराने पंखा वेड्यासारखा फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. नवी पेस्ट लावली, वाटाण्याएवढी. आधी प्रोसेसर गेममध्ये त्र्याण्णवला जात होता, तो अठ्ठ्याहत्तरवर आला. या प्रोसेसरची मर्यादा पंचाण्णव डिग्री. खरं तर तापलं म्हणजे लगेच बंद असं नसतं. प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, गेम अडखळायला लागतो, आणि तरीही तापमान चढतच राहिलं तर मग स्वतःला वाचवायला क्षणात बंद होतो. भाचा म्हणत होता की गेम आधी अजिबात अडखळत नाही, एकदम स्मूथ चालतो आणि जातो. हेही मी ऐकलं होतं.

१६ ला तीन तास फोर्झा होरायझन, गाड्यांच्या शर्यतीचा गेम, चालला. १७ ला पण. मी घरात जाहीर करून टाकलं की कचरा होता, पोराचा काही दोष नाही, आईने त्या आनंदात आमरस केला. १८ तारखेला संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी पीसी बंद पडला.

मी भाच्याच्या मागेच खुर्ची टाकून बसलो होतो. स्क्रीन काळा झाला तेव्हा त्याने स्क्रीनकडे बघितलंच नाही, त्याने दाराकडे बघितलं, आजोबा येतायत का म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार भला माणूस, त्याने अर्धं ऐकूनच सांगितलं, एसएमपीएस बदला, खेळताना बंद म्हणजे एसएमपीएसच. चुकीचं नव्हता सांगत, दहातल्या बऱ्याच केसमध्ये तेच निघतं. गेम सुरू झाला की ग्राफिक्स कार्ड एकदम वीज ओढतं, माझ्या कार्डचा आकडा १२५ वॅट, नव्या मोठ्या कार्डांचे तीनशेच्या वर आणि त्यात क्षणभराचे झटके त्याहून खूप मोठे, इतके की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने त्याच्या क्षमतेच्या दुप्पट झटका शंभर मायक्रोसेकंद सोसावा अशी अट घातली गेली. जुना, हलका एसएमपीएस अशा झटक्याला घाबरून स्वतःचं संरक्षण चालू करतो आणि बंद होतो. पण तसा बंद झाला की बऱ्याचदा नुसतं पॉवरचं बटण दाबून चालू होत नाही, मागचा स्विच बंद करून, थोडं थांबून, परत चालू करावा लागतो. आमचा बटण दाबलं की गुमान चालू व्हायचा. मला ते खटकत होतं आणि तरी मी चार-साडेचार हजार काढायच्या तयारीत होतो. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे पार्ट बदलणं असं झालंय, आणि मला ते मनापासून आवडत नाही, कारण पार्ट बदलल्यावर बरं झालं तरी काय झालं होतं ते कळतच नाही.

म्हणून घरी येऊन दुपारी तीन वाजता, ऐन उन्हात, कूलर मुद्दाम बंद करून आम्ही दोघांनी पीसीची परीक्षा घेतली. एकीकडे प्राइम९५ आणि एकीकडे फरमार्क. फरमार्कमध्ये स्क्रीनवर एक केसाळ वडा गोल गोल फिरत राहतो आणि ग्राफिक्स कार्डला घाम फोडतो. प्राइम९५ ची गोष्ट भाच्याला फार आवडली, म्हणजे ते खरं तर मशीन तपासायला केलेलं नव्हतंच, १९९६ पासून जगभरचे लोक आपापल्या कॉम्प्युटरवर प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधतायत त्या प्रकल्पाचं ते सॉफ्टवेअर, आणि २०२४ मध्ये त्याच प्रकल्पात चार कोटींहून जास्त अंकांची मूळ संख्या सापडली. आकडेमोड इतकी जड की प्रोसेसरचा कस लागतो, म्हणून लोक ते कसोटीला वापरायला लागले. भाचा म्हणे, मग आपल्याला सापडली तर? म्हटलं सापडली तर आजोबांच्या वहीत लिहू.

एक तास चाललं. व्होल्ट मोजायच्या मल्टिमीटरचं एक टोक एसएमपीएसच्या पिवळ्या वायरवर, एक काळ्यावर. बारा व्होल्टची ती लाइन ११.४ ते १२.६ च्या मध्ये राहिली पाहिजे, आमची ११.९६ वर ठाम होती. खोली भट्टी झाली, कार्ड एक्याऐंशीला, प्रोसेसर अठ्ठ्याऐंशीला, आम्ही दोघं घामाने निथळलेले, आणि पीसी हूं की चूं नाही.

आता हे विचित्र होतं. कुठलाही गेम एवढा भार टाकत नाही. गरमी कारण असती तर आत्ता गेला असता, एसएमपीएस कारण असता तर आत्ता गेला असता. मग तो संध्याकाळी सातला, याच्यापेक्षा कमी भारात, कूलरच्या गारव्यात का जातो? रॅमची तपासणी रात्रभर लावून ठेवली, एक चूक नाही. २० तारीख अशीच गेली.

२१ ला संध्याकाळी बाहेर ओट्यावर बसलो होतो. भाच्याने ती वही आणली. मी म्हटलं वाच बरं, कधी कधी गेला. तो वाचत गेला, २ ला सात दहा आणि सात पस्तीस. ६ ला सात वाजता. १४ ला तीन वेळा, सहा पन्नास, सात पाच, सात चाळीस. १८ ला सात वीस. आणि मधल्या सगळ्या दिवसांपुढे पण नोंदी होत्या, ३ ला अडीच तास, काही नाही, ४ ला तीन तास, काही नाही, ५ ला काही नाही. बाबांच्या अटीमुळे न बिघडलेल्या दिवसांचा पण हिशोब होता, आणि असा हिशोब कोणीही ठेवत नाही, आपल्याला फक्त बिघडलेलं आठवतं.

बाबांनी वही हातात घेतली, चष्मा वर सरकवला आणि टॅली करताना बोट फिरवायचे तसं तारखांवरून बोट फिरवलं. "दोन, सहा, चौदा, अठरा. मधला दहा राहिला. बाकी चारच्या हप्त्याने आहे हे."

आत आई भाजी निवडत होती. तिथूनच म्हणाली, "चौथ्या दिवशी तर नळ येते."

मी उठून आत गेलो. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्याच्यावर आईचा सगळा संसार असतो, दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कोणाचं लग्न, आणि नळ आला की त्या चौकोनात गोल करून "नळ". आमच्या भागात तेव्हा नळ दर चौथ्या दिवशी येत होता. कॅलेंडर खिळ्यावरून काढून बाहेर आणलं, वहीशेजारी ठेवलं. २ ला गोल. ६ ला गोल. १० ला गोल. १४, १८. भाच्याने १० तारखेची ओळ काढली, माइनक्राफ्ट, म्हणजे हलका गेम, सहा तीस ते आठ तीस, बंद नाही.

चौघं एकमेकांकडे बघत होतो.

नळ आला की आमच्या गल्लीत काय होतं ते अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. पाण्याला जोर नसतो, वरच्या टाकीत चढत नाही, म्हणून प्रत्येक घरी नळाला टिल्लू पंप. नियमात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक, पण शेजारी लावतो तर आपण नाही लावला की आपल्याकडे थेंब येत नाही, आम्ही पण लावतो. वीसेक घरं, पाऊण एक तासाच्या आत वीसेक मोटारी, पाणी जाऊन-येऊन असेल तर त्या दहा वेळा बंद-चालू. आणि मोटार सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. आमचं घर लाइनच्या शेवटाला, सगळ्यांनी ओढून उरलेलं व्होल्टेज आमच्या वाट्याला.

मग कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? लहानपणी आमच्या घरात साठ वॅटचा पिवळा बल्ब होता, व्होल्टेज पडलं की तो निखाऱ्यासारखा लाल व्हायचा, आई तेवढ्यावरून सांगायची की फ्रिज बंद करा. आता सगळ्या घरात एलईडी. चांगल्या एलईडीच्या आतलं सर्किट बरंच खालपर्यंतचं व्होल्टेज सांभाळून घेतं, उजेड जराही हलत नाही. घरातला व्होल्टेज सांगणारा तो एक डोळा गेला आणि आपल्याला कळलंही नाही.

२२ ला आम्ही सहा वाजल्यापासून तयार. फोर्झा चालू. मल्टिमीटर शेजारच्या सॉकेटमध्ये, मी तो धरून टेबलाखाली. भाच्याचे हेडफोन काढायला लावले आणि कूलर बंद केला, कारण त्या दोघांच्या आवाजात आजवर काय काय ऐकू आलं नसेल कोणास ठाऊक. मीटरवर २१८. सहा बावन्नला आईची हाक आली, "आला रे!" आणि मागच्या अंगणातून आमचा पंप घरघरला. २०३. मग शेजारचा. १८९. मग समोरून, मग पलीकडून, १७४, आणि टेबलाखाली काळ्या डब्यातून एक बारीक आवाज आला, टक. १६६. परत टक. भाचा गाडी चालवत होता पण त्याचे कान माझ्याकडे. १५९, १६३, १५७, आणि मग कुठेतरी एकदम दोन-तीन मोटारी लागल्या असाव्यात, आकडा १३८ झाला, टक, पीप, आणि सगळं काळं. मॉनिटरचा छोटा दिवा पण गेला. तीन-चार सेकंदांनी काळ्या डब्यावरचा हिरवा दिवा आपोआप लागला, त्यामागोमाग मॉनिटरचा, आणि स्क्रीनवर आलं, नो सिग्नल.

नुसता पीसी बंद पडला असता तर मॉनिटरचा दिवा कशाला जाईल? दोघं एकाच यूपीएसवर होते, लाईट गेली की बॅटरीवरून वीज देणाऱ्या त्या काळ्या डब्यावर. पोराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

यूपीएसवर कोणाचा संशय नव्हता याला कारण होतं. ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे ३६० वॅट, आणि आमचं सगळं मिळून गेममध्ये पावणेतीनशे-दोनशेऐंशीच्या आसपास, म्हणजे हिशोबात बसत होतं. आणि त्याच महिन्यात एकदा दुपारी लाईट गेली तेव्हा त्याने पीसी दोन मिनिटं तगवला होता, बाबांनी तेवढ्यात त्यांचं काम सेव्ह केलं होतं. मग यूपीएस ठणठणीत, असंच कोणीही म्हणेल. मी परत करून बघितलं. साधा डेस्कटॉप उघडा ठेवून यूपीएसचा प्लग काढला, एक मिनिट पन्नास सेकंद चालला. गेम लावून काढला, त्याच क्षणी गेला.

भाच्याला हिशोब करायला लावला. आत एक बारा व्होल्टची बॅटरी, सात अँपिअर-तास. नुसता डेस्कटॉप म्हणजे ऐंशी वॅट, भागिले बारा, साधारण सात अँपिअर. गेम म्हणजे दोनशेऐंशी भागिले बारा, तेवीस, आणि वर वाया जाणारं धरून सत्तावीस-अठ्ठावीस. थकलेली बॅटरी सात देते, अठ्ठावीस मागितले की तिचं व्होल्टेज कोसळतं आणि यूपीएस हात वर करतो. दुसऱ्या दिवशी बॅटरी बाहेर काढून मोजली तर १२.७, अगदी नव्यासारखी. इथेच माणूस फसतो. नाक्यावरच्या गॅरेजमधून गाडीच्या हेडलाईटचा ५५ वॅटचा बल्ब मागून आणला, दोन वायरींनी जोडला, आणि आकडा डोळ्यांसमोर घसरला, ११.२, १०.४, ९.६, बल्ब पिवळा पडत गेला. भाच्याने ते तीनदा करून बघितलं. बाबांनी कपाटातून बिलांची फाइल काढली, बॅटरी बदलल्याचं बिल, मार्च २०२१. चार वर्षं, आणि ती सगळी अकोल्याच्या उन्हाळ्यातली. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य पंचवीसच्या वर दर आठ-दहा डिग्रीला जवळपास निम्मं होतं असं धरतात.

पण मला सगळ्यात जास्त धक्का पुढच्या गोष्टीचा बसला. एसएमपीएसच्या बाजूचं स्टिकर टॉर्च मारून वाचलं, इनपुट १०० ते २४० व्होल्ट. म्हणजे पीसीला स्वतःला १३८ व्होल्ट चालत होते! यूपीएसने ते कमी वाटून घाईने बॅटरीवर उडी मारली, आणि बॅटरीत दम नव्हता. यूपीएस मध्ये नसता तर काहीच झालं नसतं. हे नुसतं बोलून भागणार नव्हतं, म्हणून २६ ची वाट बघितली.

२६ ला पीसी आणि मॉनिटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. या वेळी बाबा पण खुर्ची घेऊन बसले, मीटर त्यांच्या हातात. पाणी सात वाजता आलं. बाबा आकडे मोठ्याने वाचत होते, एकशे नव्वद, एकशे एकाहत्तर, एकशे एकोणपन्नास, आणि प्रत्येक आकड्याला भाच्याची पाठ ताठ होत होती. एकदा एकशे एकेचाळीस आलं. गाडी धावत होती. आठला पाणी गेलं, मोटारी थांबल्या, मीटर २१५ वर आला, भाच्याने शर्यत संपवली, तिसरा आला, आणि मग एक दीर्घ श्वास सोडला.

पुढचं पटकन सांगतो. नवी बॅटरी दुसऱ्या दिवशी आणली, हजाराच्या आतबाहेर, पण एवढ्या भाराला ती पण धाप टाकणार म्हणून नंतर १ केव्हीएचा यूपीएस घेतला आणि जुना बाबांच्या वायफायला दिला. कोणाचा पीसी असाच फक्त खेळताना, फक्त ठरावीक वेळेला जात असेल तर काहीही विकत घ्यायच्या आधी यूपीएस बाजूला काढून बघा, आणि तारीख-वेळ लिहा, न बिघडलेल्या दिवसांची पण.

त्या रात्री, २६ च्या, जेवणं झाल्यावर बाबांनी वही मागितली. डायनिंग टेबलवर उघडली, लाल पेन काढलं. बँकेत एक पद्धत असते, लेजरमध्ये काही खोडलं तर नुसतं खोडून चालत नाही, खोडणाऱ्याने शेजारी छोटी सही करायची, म्हणजे कोणी चूक दुरुस्त केली ते राहतं. बाबांनी २ तारखेसमोरच्या "अति वापर" वर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली, शेजारी त्यांची ती छोटी सही केली. मग ६. मग १४. १८ ला पण त्यांनी तेच लिहून ठेवलेलं होतं, मला माहीतही नव्हतं, तेही खोडलं, सही केली. भाचा त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता. बाबांनी वही त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बघ, चारही झाले का?"

त्याने बोट ठेवून मोजले. "झाले आजोबा."